कमरेला सेन्सर बांधून आईचं चालणं मोजलं. महिनाभर भाड्याने घ्यावा का?

पारिजात · रविवार, रात्री ९.४०

आईला (वय ७४) गेल्या आषाढात परसात शेवाळावरून घसरून उजव्या खुब्याचं फ्रॅक्चर झालं. ऑपरेशन झालं, वॉकर झाला, आता काठी. चार महिने होत आले. फिजिओताई आठवड्यातून दोनदा घरी येतात आणि दर पंधरा दिवसांनी एक चाचणी घेतात. हाताच्या खुर्चीतून उठायचं, तीन मीटरवर चिकटवलेल्या पट्टीपर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. ताईंच्या हातात स्टॉपवॉच. सुरुवातीला २६ सेकंद लागले, मग १९, मग १५. त्यानंतर महिनाभर काटा पंधराच्या आसपास अडकला तो अडकलाच. आई म्हणायला लागली, "आता या वयात एवढंच," आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटायला लागलं होतं.

गेल्या आठवड्यात ताई एक डबी घेऊन आल्या. काडेपेटीएवढी. इलॅस्टिकच्या पट्ट्याने ती आईच्या कमरेला मागच्या बाजूला, माकडहाडाच्या जरा वर बांधली. तीच खुर्ची, तीच पट्टी. एकूण वेळ १४.६ सेकंद, म्हणजे नवीन काहीच नाही. पण टॅबवर त्या वेळाचे तुकडे पाडलेले दिसले. उठायला १.९, जाताना ३.२, वळायला ३.८, येताना ३.१, आणि शेवटी पाठ फिरवून बसायला २.६. ताईंनी बोट ठेवलं ते ३.८ वर. तीन मीटर चालायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ जागच्या जागी वळायला! पुढच्या फेरीला मी नुसते पाय बघत राहिले. आई सात बारकी बारकी पावलं टाकत वळत होती, अंधारात उंबरा चाचपडावा तशी. चार महिने रोज डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नव्हतं.

मग ताईंनी डबी तीन दिवस घरीच ठेवली, अंघोळ आणि झोप सोडून. त्यात निघालं की डावीकडची वळणं उजवीकडच्या जवळजवळ तिप्पट. हे कसं काय, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यावर पाळत ठेवली. देवघरातून स्वयंपाकघरात जायला उजवीकडे एकदा वळलं की झालं. आई तसं करतच नाही. जेवणाच्या टेबलाला डावीकडे वळत वळत अख्खा फेरा मारून जाते. विचारलं तर म्हणाली, "तेवढीच प्रदक्षिणा होते."

आता प्रश्न. जिथे ऑपरेशन झालं तिथले लोक असाच सेन्सर महिनाभर भाड्याने देतायत, 'पॅकेज' म्हणून. त्यांनी मागे एकदा चाचणी करून चौदा पानी रंगीत रिपोर्ट दिला होता. तो ना मला कळला, ना देणाऱ्याने समजावला. तेव्हा, घ्यावा का? कोणी वापरलाय का?

खडूस_काका · रविवार, रात्री १०.१५

आमचे आजोबा नव्वदीपर्यंत काठीवर गावभर हिंडले. त्यांना कोणी डबी बांधली नव्हती. चांगल्या फिजिओला दारातून आत येणारा पेशंट बघूनच कळतं काय बिघडलंय ते. बाकी पॅकेज हा शब्द ऐकला की मी आधी खिसा चाचपतो.

अवांतर: प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला असतो. आई डावीकडे वळत फेरा मारत असतील तर टेबल डाव्या हाताला आलं. उलटी प्रदक्षिणा होतेय. पुण्य वजा होत असेल, कळवा त्यांना.

पाऊलवाट · सोमवार, सकाळी ७.०५

काका, मी स्वतः फिजिओ आहे, १९ वर्षं झाली. दारातून येणारा पेशंट बघून कळतं हे खरं. पण मला आज काय कळलं आणि पंधरा दिवसांनी काय कळलं, यातला फरक मी नातेवाइकांना आकड्यात सांगू शकत नाही. दिवसाला बारा पेशंट पाहिल्यावर या काकूंचं मागच्या वेळचं वळणं कसं होतं ते माझ्याही लक्षात राहत नाही.

पारिजात यांनी वर्णन केलेली चाचणी म्हणजे 'टाइम्ड अप अँड गो'. तिचा इतिहास या प्रश्नाशी अगदी जुळतो. १९८६ मध्ये ती आली तेव्हा घड्याळच नव्हतं, बघणाऱ्याने एक ते पाच असे गुण द्यायचे. मग दोन बघणाऱ्यांचे गुण जुळेनात. म्हणून १९९१ मध्ये पॉडसिआड्लो आणि रिचर्डसन यांनी तिला स्टॉपवॉच जोडलं. आज अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या सूचनांमध्ये १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरायला सांगितलंय. स्टॉपवॉचने एक भांडण मिटवलं आणि एक गोष्ट लपवली. उठणं, चालणं, वळणं, बसणं या चार वेगवेगळ्या कामांचा एकच आकडा झाला. एकाला खुर्चीतून उठता येत नाही (मांडीचे स्नायू), दुसऱ्याला वळता येत नाही (तोल आणि भीती), दोघांचे १५ सेकंद. व्यायाम मात्र पूर्ण वेगळे. तुमच्या ताईंनी सेन्सर त्यासाठीच लावला. आता त्यांनी उठबशा कमी करून वळण्याचा सराव वाढवला असेल, बरोबर?

खुब्याच्या पेशंटचं नेहमीचं दुखणं सांगते. ऑपरेशन झालेल्या पायावर वळायचं म्हणजे क्षणभर सगळा भार त्याच एका पायावर घेऊन अंग फिरवायचं. पायात ताकद परत आलेली असते, विश्वास आलेला नसतो. मग माणूस घरातले रस्ते बदलतो. टेबलाचा फेरा हे मी पहिल्यांदा ऐकलं, पण पलंगाची बाजू बदललेले, संडासात उलटे शिरणारे, असे भरपूर बघितलेत.

आता भाड्याबद्दल. देणाऱ्याला एवढंच विचारा: रिपोर्ट कोण बघणार, किती दिवसांनी बघणार, आणि बघून व्यायामात बदल कोण करणार? उत्तर "ॲपमध्ये आपोआप दिसेल" असं आलं तर घेऊ नका.

आणखी एक, आपल्याकडचं. ही यंत्रं बहुतेक खुर्ची-बुटांच्या देशांत घडलेली. बुटाच्या सोलमध्ये बसणारे दाबाचे सेन्सर आमच्याकडे कपाटात पडून आहेत, कारण आपली माणसं घरात अनवाणी. आणि मांडी घालून जमिनीवरून उठणं तर कित्येक सॉफ्टवेअरना ओळखताच येत नाही. एका आजींच्या पूजेवरून उठण्याची नोंद मशीनने 'अनिश्चित हालचाल' अशी केली होती. त्या दिवसातली सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाची हालचाल तीच होती.

सर्किटवेडा · सोमवार, दुपारी १.३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. डबीत काय असतं ते थोडं.

आत साबुदाण्याच्या दाण्याएवढी चिप असते. तिच्यात प्रवेगमापक आणि जायरोस्कोप, कधी सोबत चुंबकीय होकायंत्र. प्रवेगमापक म्हणजे सिलिकॉनच्या बारीक स्प्रिंगवर टांगलेलं वजन. धक्का बसला की ते सरकतं, सरकलेलं विद्युतभारातल्या फरकावरून कळतं. टेबलावर नुसती ठेवली तरी ती ९.८ दाखवते, कारण गुरुत्वाकर्षण सुट्टीवर जात नाही. जायरो फिरण्याचा वेग सांगतो. पारिजात यांच्या आईचं वळणं पकडलं ते त्याने.

लोकांना वाटतं की प्रवेग कळला म्हणजे वेग कळला, वेग कळला म्हणजे अंतर. कागदावर बरोबर. प्रत्यक्षात प्रवेगात ०.०१ मीटर प्रतिसेकंद वर्ग इतकी क्षुल्लक चूक धरा. दोनदा बेरीज करत गेलं की एका मिनिटात ती १८ मीटर होते. आजी सोफ्यावर बसलेल्या आणि मशीन म्हणतंय त्या जिन्यात पोचल्या. यावरची युक्ती मला फार आवडते. चालताना प्रत्येक पावलाला तळवा क्षणभर जमिनीवर पूर्ण थांबतो. सेन्सर पायावर असेल तर त्या क्षणी वेग शून्यच असणार, मग प्रोग्रॅम दर पावलाला पाटी पुसून नव्याने हिशेब सुरू करतो.

कमरेवरच्या डबीला ही सोय नाही. कंबर कधीच थांबत नाही. म्हणून ती कंबर किती वर-खाली होते त्यावरून पावलाच्या लांबीचा अंदाज बांधते. पाय लंबकासारखा धरलेला असतो. धडधाकट माणसाला ते चालतं. पाय ओढत किंवा लंगडत चालणाऱ्याचा लंबक मुळात बिघडलेला, त्यामुळे पावलाची लांबी सांगताना ती चुकते. पावलांची वेळ आणि वळणं यांवर जास्त भरवसा ठेवा, सेंटिमीटरवर कमी. आणि होकायंत्र असलेलं मॉडेल लोखंडी कपाटाशेजारी बावचळतं, हे माझ्या हाताने करून पाहिलंय.

भाडं भरण्याआधी एक फुकटचा प्रयोग: जर्मनीच्या आखेन विद्यापीठाचं 'फायफॉक्स' नावाचं ॲप आहे, मोफत. फोन कमरेला घट्ट बांधून घरात चाला, प्रत्येक पावलाचा उंचवटा आलेखात दिसतो. आधी स्वतःवर करा, वडीलधाऱ्यांवर करताना शेजारी कोणी उभं राहू दे.

अवांतर: ही कल्पना चिपच्या फार आधीची आहे. फ्रान्समध्ये मारे नावाच्या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्याने १८७० च्या दशकात बुटाच्या तळाला हवेची पोकळी ठेवली होती. पाऊल टेकलं की हवा रबरी नळीतून हातातल्या यंत्रात जायची आणि काजळी लावलेल्या कागदावर रेघ उमटायची. माणूस स्वतःचा आलेख हातात धरून चालायचा!

पारिजात · सोमवार, रात्री ८.५०

पाऊलवाट, अगदी बरोबर, उठबशा निम्म्या केल्या आहेत. सर्किटवेडा, 'घट्ट' या शब्दावरून आठवलं. पहिल्या दिवशी ताईंनी पट्टा साडीवरून बांधला होता. डबी निऱ्यांच्या आणि ओच्याच्या घड्यांवर तरंगत होती आणि आलेखात पावलं सोडून भलतीच थरथर. ताई म्हणाल्या, "काकू, हा तुमच्या साडीचा आलेख आलाय." शेवटी गाऊन घालून, आतून बांधली. आईला पाहुण्यांसमोर गाऊन पसंत नाही, म्हणून एका दिवसाची संध्याकाळ नोंदलीच गेली नाही. रिपोर्टमध्ये ते 'निष्क्रिय काळ' म्हणून आलंय.

टाळकरी · सोमवार, रात्री ११.२०

थोडा वेगळा अनुभव. वडिलांना पार्किन्सन्स आहे, सात वर्षं झाली. त्यांचे पाय दारात गोठतात. चालत येतात, उंबऱ्याशी आले की तळवे फरशीला डिंकाने चिकटल्यासारखे. वरचं अंग पुढे जातं, आणि पडतात ते तिथेच.

गंमत म्हणजे दवाखान्यात ते गोठतच नाहीत. डॉक्टरांसमोर सैनिकासारखे चालतात आणि घरी येऊन बाथरूमच्या दारात अडकतात. म्हणून नडगीला सेन्सर लावून दोन दिवस घरी नोंद घेतली. त्यात असं कळलं की गोठताना पाय स्थिर नसतो, भरभर थरथरत असतो. सेकंदाला तीन ते आठ वेळा. चालण्याची हालचाल त्याहून संथ. भरभर थरथर आणि संथ हालचाल या दोन्हींच्या गुणोत्तरावरून मशीन 'गोठणं' ओळखतं. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा ते झालं दुपारी औषधाचा डोस उतरताना. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली. माझ्या मते सेन्सरचा आम्हाला झालेला खरा उपयोग हाच.

पुढचं यंत्राशिवाय झालं. ठेक्यावर चालवून बघा, असं फिजिओंनी सुचवलं. मेट्रोनोमच्या टिकटिकीवर वडील वैतागले. मग मी टाळ घेतले. त्यांनी बावीस वर्षं वारी केली आहे, पावली अंगात आहे. "ज्ञानोबा माउली तुकाराम" सुरू केलं आणि उंबरा असा ओलांडला की आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघत राहिली. रोज नाही जमत. दहातल्या सहा-सात वेळा जमतं.

पाऊलवाट · मंगळवार, सकाळी ६.५५

टाळकरी, वा. बाहेरून ठेका मिळाला की पार्किन्सन्सच्या पेशंटचं चालणं सुधारतं हे चांगलं तपासलेलं आहे. आतला ठेका बिघडलेला असतो, बाहेरचा उसना मिळतो. फरशीवर आडव्या पट्ट्या चिकटवण्यामागेही तेच, फक्त तिथे डोळ्यांना ठेका मिळतो. एक काळजी घ्या: लय त्यांच्या नेहमीच्या पावलांच्या वेगाला धरून सुरू करा आणि वाढवलीत तरी पाच-दहा टक्क्यांनी. दिंडी रंगात आली की लय चढत जाते, तशी चढवू नका. लयीमागे धावताना पावलं आखूड होतात आणि तोल पुढे जातो.

टाइनकाठची_मावशी · मंगळवार, दुपारी ४.१०

मी न्यूकॅसलला राहते. इथल्या विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली 'मोबिलाइझ-डी' नावाचा मोठा युरोपीय प्रकल्प झाला, २०१९ ते २०२४. पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जासंस्थेचा आजार), फुप्फुसांचा सीओपीडी आणि खुब्याचं फ्रॅक्चर अशा चार गटांतल्या लोकांच्या कमरेला एकच सेन्सर लावून घरातलं-बाजारातलं चालणं मोजायचं, हा गाभा. म्हणजे पारिजातच्या आई अगदी त्यांच्या यादीतल्या. दवाखान्यात माणूस जमेल तितकं चांगलं चालून दाखवतो. घरात तो चहा घेऊन, विचार करत, मांजराला चुकवत चालतो. दोन्हींचे वेग वेगळे येतात आणि दोन्ही खरे असतात.

यातून औषधांच्या जगातही बदल झालाय. डुशेन नावाच्या स्नायूंच्या आजारात मुलांच्या घोट्याला सेन्सर लावून त्यांच्या सगळ्यात वेगवान पावलांचा वेग काढतात. युरोपच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये हे माप चाचण्यांसाठी दुय्यम निकष म्हणून आणि २०२३ मध्ये मुख्य निकष म्हणून मान्य केलं. आधी या मुलांना दवाखान्याच्या बोळात सहा मिनिटं चालवायचे. एखाद्या दिवशी पोरगं रुसलं की निकाल बिघडला.

खडूस_काका · मंगळवार, संध्याकाळी ६.००

मोजमाप सुधारलं, मान्य. टाळवाल्यांचा किस्साही मान्य, बावीस वाऱ्यांना नमस्कार. पण माझा प्रश्न तिथेच आहे. मोजल्याने पेशंट सुधारतो का? वजनकाट्यावर रोज उभं राहून मी बारीक झालेलो नाही.

पाऊलवाट · मंगळवार, रात्री १०.३०

काका, वजनकाटा चपखल. याच प्रश्नावर २०१५ मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, 'सिरॅक्ट' म्हणतात तिला. ११ देशांतली १६ पुनर्वसन केंद्रं, पक्षाघाताचे १३५ पेशंट, दोन्ही घोट्यांना सेन्सर. एका गटाला आठवड्यातून तीनदा फक्त चालण्याचा वेग सांगायचा. दुसऱ्याला वेग आणि शिवाय सेन्सरने टिपलेलं दिवसभराचं चालणं दाखवून चर्चा करायची. निकाल: दोन गटांत फरक नाही. दोन्हीकडचे पेशंट दिवसाला सरासरी पंधरा-सोळा मिनिटंच चालत होते.

पण त्यातली जी गोष्ट मला झोपू देत नाही ती वेगळी आहे. पुनर्वसनाच्या मुक्कामात ३० टक्के पेशंटचं रोजचं चालणं वाढण्याऐवजी कमी झालं. पुनर्वसनासाठी दाखल केलेल्या माणसांचं! सेन्सर नसते तर हे कळलंच नसतं. आम्ही दिवसातला तासभर बघतो, आणि उरलेल्या तेवीस तासांत माणूस खाटेवर असतो.

म्हणजे नुसता आकडा दाखवून कोणी चालत नाही, हे तुमचं बरोबर. वळणाचे ३.८ सेकंद बघून ताईंनी उठबशा कमी केल्या, तिथे फरक पडतो.

कोथिंबीर_जुडी · बुधवार, सकाळी ११.४५

एक धोक्याची सूचना, कोणी मनगटाचं घड्याळ घेऊन हेच करायला जाईल म्हणून. सासूबाई वॉकर धरून चालतात. घड्याळात दिवसाची पावलं आली २१२. मी त्यांच्यावर आळशीपणाचा आरोप करून मोकळी! मग कळलं, वॉकर धरलेला हात हलतच नाही, घड्याळ मोजणार काय? तेच घड्याळ घोट्याला बांधल्यावर अकराशेच्या वर. माफी मागितली, शिरा करून.

आणि त्यातल्या पडण्याच्या सूचनेवर विसंबू नका. पलंगावरून सावकाश घसरून खाली बसल्या तेव्हा घड्याळ गप्प. कट्ट्यावर हात आपटला तेव्हा मात्र मुलाला फोन गेला.

सर्किटवेडा · बुधवार, दुपारी १.२०

कोथिंबीर_जुडी, +१. ज्याला जोराचा दणका आणि मग निपचित पडणं ओळखायला शिकवलंय, त्याला घसरगुंडी कळत नाही.

पारिजात, भाड्याने घेतलात तर डेटा कुठे जातो तेही विचारा. दिवसभराची हालचाल म्हणजे घरात कोण कधी झोपतं, किती वेळा संडासला जातं, सगळं त्यात आलं. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा कागदावर आहे, पण सही करण्याआधी फॉर्म वाचणारे आपणच.

पारिजात · पुढच्या रविवारी, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार. पॅकेज घेतलं नाही. पाऊलवाट यांनी सांगितलेले प्रश्न फोनवर विचारले, "ॲपमध्ये सगळं येतं मॅडम," एवढंच उत्तर तीनदा मिळालं. त्याऐवजी ताईच दर पंधरा दिवसांनी आपली डबी दोन दिवस ठेवणार आहेत.

व्यायामाचं सांगते. काकांची उलट्या प्रदक्षिणेची टिप्पणी आईला वाचून दाखवली. आधी हसली, मग जरा गंभीर झाली. ताईंनी लगेच ते उचललं: टेबल उजव्या हाताला, बोटं टेबलाच्या कडेवर, मी मागे अर्ध्या हातावर, आणि उजवीकडे वळत सुलटे फेरे. सकाळी पाच, संध्याकाळी पाच. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर घाबरून थांबली, काठी टेबलाच्या पायात अडकली, मीच ओरडले. तिसऱ्या दिवसापासून काठी खुर्चीला टांगून नुसता टेबलाचा आधार.

काल डबी परत लावली. एकूण १३.४, वळणाचे २.९, पावलं पाच. बारा अजून लांब आहे. देवघरातून स्वयंपाकघरात मात्र अजूनही फेऱ्यानेच जाते, फक्त आता उजवीकडून.